विनोद शिकवता येतो का? मानसिक आजार असलेल्यांच्या गटासाठी आराखडा हवा आहे

दीपमाळ

नमस्कार मंडळी,

डे-केअर केंद्रात विनोद-प्रशिक्षणाचा गट सुरू करायचा आहे. सदस्य दोन प्रकारचे: स्किझोफ्रेनिया असलेले आणि दीर्घकाळचं नैराश्य असलेले. सगळ्यांचे औषधोपचार चालू आहेत, तब्येत स्थिर आहे. पॉल मॅकगी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा सात सवयींचा कार्यक्रम पाया म्हणून घेतला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी क्रम असा: आवडीचा विनोद आसपास ठेवणं, खेळकरपणा जागा करणं, मोकळं हसणं, शब्दांशी खेळून स्वतः विनोद करणं, रोजच्या घडामोडींत विनोद हेरणं, स्वतःवर हसणं आणि शेवटी ताण चालू असतानाच त्यात काही गमतीचं दिसतंय का ते पाहणं. सोपं आधी, अवघड शेवटी.

आठवड्यातून एकदा, एक तास, आठ आठवडे. प्रश्न चार:

१. गटात कोणाला घेऊ नये?
२. दोन्ही आजारांचे लोक एकत्र बसवावेत का?
३. मराठीतलं साहित्य काय वापरावं?
४. सहावी पायरी. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच तळाला गेलंय, त्यांना 'स्वतःवर हसा' म्हणायचं का?

हास्यक्लब नको आहे, हे आधीच सांगते.

---

खोडकर_खारूताई

'हास्यक्लब नको' लिहिलंय म्हणजे पहिला प्रतिसाद हास्यक्लबचाच येणार. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

प्रभातफेरी

हा घ्या आलो.

दीपमाळताई, नको तर नको, पण एक इतिहास तुमच्या कामाचा आहे. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथे चक्क विनोदच सांगत असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. मग बायकांवरचे, चावट, कोणाला तरी टोचणारे विनोद सुरू झाले आणि लोक नाराज होऊन क्लब बंद करायची भाषा करू लागले. त्यावर कटारियांनी विनोदच काढून टाकला आणि विनाकारण हसणं ठेवलं. म्हणजे जी अडचण तुमच्या तिसऱ्या आठवड्यात येणार आहे, ती तिथे पहिल्या महिन्यातच आली होती.

हसण्याचे व्यायाम पहिल्या पाच मिनिटांसाठी घेतलेत तरी हर्निया, ताबा नसलेला रक्तदाब, काचबिंदू, मिरगी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण, एवढं विचारूनच घ्या.

---

कातळशिल्प

प्रभातफेरी यांचा मुद्दा बरोबर आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. हास्ययोगात हसणं हा शारीरिक व्यायाम असतो. विनोद-प्रशिक्षणात हसू आलं नाही तरी चालतं. तिथे शिकायचं असतं ते एकाच प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूने बघायला. सत्र उत्तम झालं आणि कोणी मोठ्याने हसलंच नाही, असं नैराश्याच्या गटात सर्रास होतं. गट चालवणारा संचालक त्यामुळे घाबरतो आणि स्वतः विनोद सांगायला लागतो. गट बिघडतो तो तिथे. लोक प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षक काही शिकत नाहीत.

आता प्रश्नांची उत्तरं.

कोणाला नको. उन्मादाच्या अवस्थेतला माणूस नको. त्याला विनोद सुचतच असतात, थांबवता येत नाहीत, आणि तो सगळा तास खातो. आत्महत्येचे विचार सध्या चालू असलेला माणूस नको. त्याच्यासाठी आधी सुरक्षिततेची योजना, डॉक्टर, घरचे, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. 'लोक माझ्याबद्दल बोलतात, मला बघून हसतात' हा संशय सध्या जोरात असेल तर अजिबात नको. शेजारचा दुसऱ्याच कशावर हसला तरी त्याला पुरावा मिळतो. संशय ओसरल्यावर पुढच्या गटात घ्या.

चौथा प्रकार सहज लक्षात येत नाही: हसलं जाण्याची भीती. जर्मनीतले मिखाएल टिट्झे यांनी ती रुग्णांमध्ये टिपली आणि झ्युरिकच्या विलिबाल्ड रूख यांनी ती मोजायची पट्टी तयार केली. १५ विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, सरासरी २.५ किंवा वर गेली तर भीती लक्षणीय. अशांना बाहेर ठेवू नका, पण पहिले तीन आठवडे त्यांनी स्वतः काही वाचून दाखवायचं नाही. चिठ्ठ्या जमा करायच्या, नावं न घेता संचालकाने वाचायच्या.

एकत्र की वेगळे. पहिले तीन आठवडे एकत्र चालतील. शाब्दिक विनोद सुरू झाला की वेगळे करा. नैराश्यात विनोद समजतो, पण गोडी वाटत नाही आणि स्वतः करायची उमेद नसते. स्किझोफ्रेनियात बऱ्याच जणांना समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं जड जातं, त्यामुळे 'त्याला माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे' यावर चालणारा विनोद निसटतो. उपरोध तर शब्दशः घेतला जातो. 'वा, काय वेळेवर आलात!' म्हटलं की माणूस खूश होतो.

चौथ्या प्रश्नाचं सवडीने लिहितो.

---

आडमुठा

थेट विचारतो. याने आजार बरा झाल्याचा पुरावा काय? की 'हसा आणि निरोगी राहा'चंच नवं पॅकेट?

---

शमीवृक्ष

@आडमुठा, आजार बरा होतो असं इथे कोणी म्हटलेलं नाही आणि म्हणूही नये. पुरावा लहान आहे, पण शून्य नाही.

जर्मनीत ट्यूबिंगेनला २०११ साली नैराश्याच्या रुग्णांच्या अगदी छोट्या गटाला ठरावीक पाठ्यक्रमाने विनोद-प्रशिक्षण दिलं गेलं. तेवढ्यापुरता मूड सुधारला, आणि अडचणीत आपण विनोद वापरू शकतो असं त्यांना वाटू लागलं. प्राथमिक अभ्यास, त्याहून जास्त ओझं त्यावर टाकू नये. चीनमध्ये २०१४ साली पुनर्वसनातल्या ३० स्किझोफ्रेनिया रुग्णांचे दोन गट केले, एकाला विनोद-प्रशिक्षण, दुसऱ्याला हस्तकला. तुलनेला नुसतंच बसवून ठेवलेला गट न घेता हस्तकलेचा घेतला हे मला आवडतं, कारण कुठल्याही गटात बसवलं, लक्ष दिलं, की माणसाला थोडं बरं वाटतंच. विनोदाच्या गटात नकारात्मक लक्षणं (म्हणजे उमेद, भावना, बोलणं आटणं), नैराश्य आणि चिंता कमी झालेली दिसली.

आता उलट बाजू. सिडनीतल्या ३५ वृद्धनिवासांत राहणाऱ्यांसोबत विनोद-उपचाराचा मोठा प्रयोग झाला, २०१३ मध्ये निष्कर्ष आले. मुख्य अपेक्षा होती नैराश्य कमी होण्याची. ते झालं नाही. अस्वस्थ, चिडखोर वागणं मात्र कमी झालं. म्हणजे परिणाम होतो, पण आपण म्हणू तिथे होईलच असं नाही.

आणि सगळ्यात बोलकं मला १९९३ चं इस्रायलमधलं काम वाटतं. रुग्णालयातल्या दोन वॉर्डांत दीर्घकाळ दाखल असलेल्यांना तीन महिन्यांत ७० चित्रपट दाखवले. एका वॉर्डात फक्त विनोदी, दुसऱ्यात सगळ्या प्रकारचे. विनोदी चित्रपटांच्या वॉर्डात शाब्दिक आक्रमकता कमी झाली, आणि कर्मचारी आपल्याला आधार देतात असं रुग्णांना जास्त वाटू लागलं. चित्रपट पाहायला कर्मचारीही बसत. तेव्हा बदल नक्की कोणात आधी झाला?

---

खोडकर_खारूताई

म्हणजे आधी नर्स हसल्या. प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

---

सुईदोरा

शमीवृक्ष डॉक्टर आहेत असं गृहीत धरून त्यांच्या राहून गेलेल्या गोष्टी लिहिते, कारण गटात याच आडव्या येतात.

*औषधं आणि चेहरा.* हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरच्या माणसाचा चेहरा ताठ राहतो. तो आतून खुदकन हसलेला असतो, चेहऱ्यावर काहीच नसतं. चेहरा बघून मजा आली की नाही ठरवू नका. हाताची पाच बोटं वापरा: 'किती गंमत वाटली? एक ते पाच बोटं दाखवा.' क्लोझापिनवर लाळ गळते, काहींना मोठ्याने हसायचा संकोच त्यामुळेच असतो. रुमाल किंवा टिश्यू प्रत्येकाच्या खुर्चीवर आधीच ठेवा. एकालाच उठून देऊ नका. तोंड कोरडं पडतं, पाणी हाताशी हवं. सतत पाय हलवणारा, उठून फेऱ्या मारणारा माणूस कंटाळलेला असेलच असं नाही, औषधाने अंगात शांतपणा राहत नाही. त्याला उभं राहून भाग घेऊ द्या आणि डॉक्टरांना कळवा.

*वेळ.* सकाळी ११ ते १२. नऊला रात्रीच्या गोळीची झापड असते, जेवणानंतर सगळाच आनंद.

*आकडा.* सहा ते आठ जण, दोन संचालक. एक शिकवणार, दुसरा फक्त बघणार: कोण गप्प झालं, कोणाचा चेहरा पडला. खुर्च्या गोलात, पण एक खुर्ची दाराजवळ मोकळी. बाहेर जायचं असेल तर परवानगी न मागता जाता आलं पाहिजे.

*तासाची विभागणी.* ५ मिनिटं शरीर मोकळं करणं, १० मिनिटं गृहपाठ, १० मिनिटं आजची कल्पना (फळ्यावर तीन ओळी, व्याख्यान नाही), २५ मिनिटं सराव, १० मिनिटं उतरणं. शेवटची दहा मिनिटं कापू नका. हसण्याच्या भरात कोणीतरी जास्त बोलून जातं आणि घरी गेल्यावर ते टोचत राहतं. तिथेच विचारा, 'आज बोललेलं काही परत घ्यायचंय का?'

---

माईकवाला

तिसरा प्रश्न, साहित्य. पहिल्या दोन आठवड्यांत डोळ्याला कळणारा विनोद घ्या. शब्द कमी, हालचाल जास्त. तमाशातली बतावणी आणि सोंगी भारूड उत्तम. वेश, आवाज, अतिशयोक्ती, सगळं उघड असतं. मूक चित्रफितीही चालतात. एका वेळी दोन-तीन मिनिटांचा तुकडा, त्याहून मोठा नको.

मग मथळ्याचा खेळ. वर्तमानपत्रातला फोटो घ्या, ओळ कापून टाका. समजा, एक बकरी एसटीच्या पायरीवर उभी आहे आणि कंडक्टर तिच्याकडे बघतोय. तीन मिनिटं, प्रत्येकाने तीन ओळी. वाईट ओळी लिहायची स्पष्ट मुभा द्या, नाहीतर कागद कोरे येतात. येणाऱ्या ओळी साधारण अशा: 'बकरी एसटीत चढली.' ही वर्णन झाली, तरी फळ्यावर घ्या. 'सुट्टे नाहीत म्हणते.' इथे बकरीला माणूस केलं. 'अर्धं तिकीट, मागच्या महिन्यात मी पाच वर्षांची झाले नव्हते.' इथे कंडक्टरची रोजची कटकटही आली. फळ्यावर तिन्ही ओळींखाली लिहा काय बदललं. लोकांना रचना दिसते तेव्हा 'विनोद हा उपजतच असावा लागतो' हा समज सुटतो.

निकृष्ट काय ते ठरवणारा परीक्षक, बक्षीस, टाळ्यांची स्पर्धा, यातलं काही नको.

---

आडमुठा

बकरीची ओळ चांगली आहे. बाकी मत राखीव.

---

न्यूजर्सीकर

व्हँकूव्हरला डेव्हिड ग्रॅनिरर हे समुपदेशक आणि स्टँड-अप कलाकार २००४ पासून मानसिक आजार असलेल्यांना थेट मंचावर उभं राहून विनोद करायला शिकवतात. ते स्वतः नैराश्यातून गेलेले आहेत. तिथे आजारच विषय असतो. दीपमाळ यांच्या गटात तसं काही करता येईल का? आजाराबद्दल बोलायचंच नाही असं ठेवलं तर तेही कृत्रिम नाही का?

---

माईकवाला

येईल, पण आठ आठवड्यांत नाही, आणि सगळ्यांना नाही. आजारावरचा विनोद फक्त आजार असलेल्यानेच करायचा. संचालकाने कधीच नाही. भावाबहिणींनीही नाही.

बांधणी सांगतो. गोष्ट (खरी), तिच्याबद्दलची भावना (वैताग, भीती, लाज यांपैकी एकच), आणि अनपेक्षित वळण. 'माझ्या गोळ्यांच्या डब्याला सोमवार ते रविवार असे कप्पे आहेत. घरात आज वार कोणता ते फक्त मलाच माहीत असतं.' इथे डबा ही लाजेची गोष्ट होती, दुसऱ्या वाक्यात तो माणूस घरातला एकमेव जाणकार झाला. दुसरं उदाहरण: 'डॉक्टरांनी विचारलं, आवाज ऐकू येतात का? म्हटलं, हो, वरच्या मजल्यावर सहा महिने ड्रिलिंग चालू आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.'

---

शमीवृक्ष

ड्रिलिंगची ओळ छान आहे आणि डॉक्टर मंडळींना चपखल बसते. पण सध्या आवाज ऐकू येत असलेल्या माणसाकडून ती लिहून घेऊ नका. लक्षण ओसरल्यावर, त्याला स्वतःला वाटलं तर.

जाता जाता, मानसोपचारात विनोद धोक्याचा असतो हा आक्षेप जुना आहे. अमेरिकी मनोविश्लेषक लॉरेन्स क्युबी यांनी १९७१ मध्ये त्यावर लेखच लिहिला होता: डॉक्टरचा विनोद रुग्णाला राग व्यक्त करू देत नाही, आणि डॉक्टर चेष्टा करतोय की गंभीर आहे ते रुग्णाला कळत नाही. त्या आधी अमेरिकेतच विस्कॉन्सिनमध्ये फ्रँक फॅरेली हे उपचारक रुग्णांना मुद्दाम चिडवून, त्यांच्या तक्रारी फुगवून दाखवून बदल घडवत होते. त्या पद्धतीला आपुलकी आणि कसब दोन्ही लागतं. नवशिक्याने तिची नक्कल केली की उरतो नुसता अपमान.

---

ऊनसावली

घरच्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

गट सुरू करण्याआधी नातेवाइकांची एक बैठक घ्या. घरात टीका, वैरभाव आणि गरजेपेक्षा जास्त गुंतणं जिथे आहे तिथे स्किझोफ्रेनिया पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लंडनमधल्या कामातून १९६०-७० च्या दशकांतच पुढे आलं. आपल्याकडे टीका बहुतेक वेळा थट्टेच्या वेषात येते. 'आले बघा आमचे साहेब, बारा वाजता उठून!' काका म्हणतात, मी मजेत म्हटलं. गटाचं नाव 'विनोद' असल्यामुळे त्यांना आता परवानाच मिळतो.

बैठकीत तीन नियम कागदावर द्या. झोप, वजन, नोकरी, लग्न या चार विषयांवर चेष्टा नाही. पाहुण्यांसमोर चेष्टा नाही. 'गंमत केली, एवढं काय लावून घेतोस' हे वाक्य बंद.

गृहपाठाची वही घरच्यांनी उघडायची नाही, हेही त्याच कागदावर.

---

खोडकर_खारूताई

तिसरा नियम आमच्या अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

---

पिंपळपान

गृहपाठाबद्दल. रूख यांच्या चमूने तपासलेला 'तीन गमतीच्या गोष्टी' हा सराव सगळ्यात सुटसुटीत: आठवडाभर रोज रात्री त्या दिवसातल्या तीन गमतीशीर गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का गमतीची वाटली ते एका ओळीत. नंतर त्यांनी असे पाच वेगवेगळे सराव ऑनलाइन करून पाहिले. समाधान वाढलेलं सहा महिन्यांपर्यंत दिसत होतं, नैराश्याच्या लक्षणांवरचा परिणाम मात्र थोडाच काळ टिकला. त्यात भाग घेणारे सर्वसाधारण लोक होते, रुग्णालयातले नव्हते, हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्षात बिघडतं ते असं: पहिल्या आठवड्यात तीनपैकी तीन ओळी व्हॉट्सअॅपवर आलेल्या विनोदांच्या असतात. म्हणून अट घाला, 'डोळ्यांनी पाहिलेलं किंवा कानांनी ऐकलेलं, फोनवरचं नाही.' नैराश्यात तीन खूप होतात आणि कोरी वही बघून माणूस आणखी खचतो. एकच गोष्ट मागा. तीही नाही सापडली तर 'आज काही सापडलं नाही' हे लिहिलं की गृहपाठ झाला. घराबाहेर न पडणाऱ्याला काही दिसणारच नाही, त्याला ठिकाण नेमून द्या: भाजीवाल्याची गाडी, रिक्षाच्या मागची पाटी, लिफ्टमधली सूचना.

---

आडमुठा

रिक्षाच्या पाट्या असतील तर पुण्यातल्या रुग्णांना प्रशिक्षणाची गरजच नाही.

---

प्रभातफेरी

पुणेरी पाट्या हा बोचरा विनोद आहे, त्याने रक्तदाब वाढतो. +१ मात्र.

---

कातळशिल्प

पाट्यांवरून चर्चा भरकटण्याआधी चौथ्या प्रश्नाकडे येतो.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांच्या २००३ च्या विनोदशैलीच्या प्रश्नावलीत ३२ विधानं आहेत, प्रत्येकी आठ विधानांच्या चार शैली: लोकांना जोडणारा विनोद, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला ठेचणारा. नैराश्यात शेवटची शैली जास्त सापडते. असा माणूस गटात सगळ्यात जास्त हशा मिळवतो. 'मला कोण नोकरी देणार, आमच्या कुत्र्यानेही माझा अर्ज फाडला.' सगळे हसतात, संचालकाला वाटतं गट रंगला. तो माणूस मात्र सगळ्यांकडून आपल्या नालायकपणावर शिक्का मारून घेत असतो.

त्यामुळे सहावी पायरी ठेवा, पण तिचे दोन तुकडे करा. सहाव्या आठवड्यात फक्त *कृतीवर* हसायचं. कृतीला वेळ, जागा आणि वस्तू असते: 'काल चष्मा डोक्यावर ठेवून अर्धा तास चष्मा शोधला.' *स्वतःच्या किमतीवर* नाही: 'मी आहेच बावळट.' वाक्यात 'नेहमी', 'कधीच', 'आहेच' आलं की थांबवायचं आणि विचारायचं, 'हे कधी झालं? कुठे? हातात काय होतं?' मत्सर, शरीर, बुद्धी, नापास होणं हे विषय आठ आठवड्यांत घेऊच नका.

दुसरी तपासणी विनोदानंतर. सांगणारा हसणाऱ्यांकडे बघतो, की जमिनीकडे? जमिनीकडे बघत असेल तर बघणाऱ्या संचालकाने तास संपल्यावर त्याच्याशी पाच मिनिटं बोलायचं. गटासमोर नाही.

ठेचणाऱ्या विनोदाला रागावायचं नाही. तेच वाक्य सावरणाऱ्या शैलीत वळवायला लावायचं. कुत्र्याचंच घ्या: 'अर्ज कुत्र्याने फाडला. निदान कोणीतरी तो शेवटपर्यंत वाचला.' नोकरी नसल्याचं दुःख तसंच आहे, पण आता हशा त्याच्या अंगावर येत नाही.

---

माईकवाला

ही दुसरी ओळ मी चोरतोय.

---

सुईदोरा

सातव्या पायरीसाठी एक सराव, आठव्या आठवड्यापर्यंत पुरतो. छळणारा विचार हलका करायला तो वेगळ्या आवाजात किंवा गाऊन म्हणायचा, ही स्वीकृती आणि बांधिलकी उपचारातली नेहमीची रीत आहे. आपल्याकडे त्यासाठी रेल्वेची उद्घोषणा फार छान बसते.

पायऱ्या: प्रत्येकाने वारंवार येणारा एक विचार चिठ्ठीवर एका वाक्यात लिहायचा. दहापैकी किती छळतो तो आकडा शेजारी. आकडा सहाच्या वर असेल तर तो विचार आज नको, दुसरा घ्या. मग साचा फळ्यावर:

'कृपया लक्ष द्या. *माझं काहीच होणार नाही* ही गाडी नेहमीप्रमाणे रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी फलाट क्रमांक एकवर येत आहे. ही गाडी कुठल्याही स्थानकावर पोहोचत नाही. गाडीत बसणं बंधनकारक नाही. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

त्या सपाट, नाकातल्या सुरातच वाचायचं, अभिनय करायचा नाही. दोनदा वाचून पुन्हा आकडा विचारायचा. एक-दोनने उतरला तरी पुरे. न उतरल्यास 'ठीक आहे' म्हणून पुढे जायचं, तिसऱ्यांदा वाचायला लावायचं नाही.

मंत्रचळ (ओसीडी) असलेल्यांसाठी खबरदारी: उद्घोषणा हा नवा विधी होऊ शकतो. 'विचार आला की उद्घोषणा केलीच पाहिजे, नाहीतर वाईट होईल' असं दिसलं की सराव बंद. आणि कानात आवाज येणाऱ्यांना हा सराव देऊ नका, त्यांना आणखी एक आवाज नको आहे.

---

शमीवृक्ष

सुईदोरा यांच्याशी पूर्ण सहमत, एक भर. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे अल्बर्ट एलिस हेच काम गाण्यांतून करत. १९७६ च्या मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात त्यांनी अविवेकी विचारांवरची विनोदी गाणी म्हटली होती. लाजेवर हल्ला करणारे त्यांचे गृहपाठही प्रसिद्ध आहेत: बसमध्ये मोठ्याने थांब्यांची नावं पुकारा, केळ्याला दोरी बांधून रस्त्यावर फिरवा. सामाजिक भीतीत हे चालतं. संशयाच्या आजारातून सावरलेल्याला केळं घेऊन रस्त्यावर पाठवू नये. लोक *खरोखरच* वळून बघतात.

---

खोडकर_खारूताई

एसटीत थांब्यांची नावं पुकारली तर कंडक्टर तिकिटांचं यंत्र हातात देईल.

---

दीपमाळ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या प्रतिसादांनंतर आराखडा असा बदलला आहे, चुका काढा:

आठवडा १: नियम, आवडीच्या विनोदाची यादी, बतावणीचा तुकडा. २: खेळ, मूक अभिनय, पाच बोटांची मोजणी. ३: मोकळं हसणं, त्या आधी प्रभातफेरी यांची आजारांची यादी तपासून. इथून दोन गट. ४: मथळ्याचा खेळ, चिठ्ठ्या निनावी. ५: रोजच्या जगण्यातला विनोद, नेमून दिलेली ठिकाणं. ६: फक्त कृतीवर हसणं. ७: उद्घोषणा. ८: उजळणी आणि नातेवाइकांसमोर छोटासा कार्यक्रम.

मोजमाप: सुरुवातीला आणि शेवटी विनोदशैलीची प्रश्नावली, दर दोन आठवड्यांनी नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९.

स्किझोफ्रेनियाच्या गटाला सातव्या आठवड्यात काय द्यावं हे कळत नाहीये.

---

पिंपळपान

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. कागद गोळा करून फायलीत ठेवू नका, माणूस खोलीतून जायच्या आत नववं उत्तर बघा. शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी बोलणं आणि डॉक्टरांना निरोप.

---

कातळशिल्प

सातव्या आठवड्यात स्किझोफ्रेनियाच्या गटाला संवादातला विनोद द्या: समोरचा गंमत करतोय की खरं बोलतोय, हे ओळखण्याच्या तीन खुणा. बोलण्याचा सूर, चेहरा, आणि बोलणं परिस्थितीशी जुळतंय का. दोन संचालकांनी एकच वाक्य दोन तऱ्हांनी म्हणायचं. पावसात भिजून आलेल्याला 'आज हवा मस्त आहे', आणि खरोखर छान हवेत तेच. लोकांनी हिरवा किंवा लाल पत्ता दाखवायचा. चुकलं तर पुन्हा, हळू. आणि कळलं नाही तर विचारायचं वाक्य पाठ करून घ्या: 'गंमत करताय की खरंच?' घरच्यांनी या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं, हे ऊनसावली यांच्या कागदावर चौथा नियम म्हणून टाका.

---

ऊनसावली

टाकला.

आठव्या आठवड्याच्या कार्यक्रमाबद्दल: भाग घेणं ऐच्छिक, आणि 'घेत नाही' म्हणणाऱ्याला पडदा, खुर्च्या, चहा असं खरं काम. कोणी काय म्हणणार ते आदल्या आठवड्यात दोन्ही संचालकांनी ऐकलेलं हवं, घरच्यांवरचा विनोद असेल तर त्या घरच्यांनीही. आणि मोबाइल दाराबाहेर टोपलीत. हौशी मामा व्हिडिओ करतात, संध्याकाळपर्यंत तो नातेवाइकांच्या चार ग्रुपांवर असतो. माध्यमांना फोटो किंवा माहिती द्यायची तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २४ प्रमाणे रुग्णाची संमती लागतेच. केंद्राच्या फेसबुक पानालाही तोच नियम लावा. देणगीदारांना अहवाल हवा असेल तर फळ्याचा फोटो द्या, माणसांचा नको.

---

आडमुठा

मत राखीव ठेवलं होतं, ते थोडं सोडतो. यात बरं करायचा दावा नाही आणि कोणाला नको हे आधी लिहिलंय, म्हणून. एकच शंका: आठ आठवड्यांनंतर काय?

---

सुईदोरा

महिन्यातून एकदा तासभर, तीन महिने. नवं काही शिकवायचं नाही, मथळ्याचा खेळ आणि वह्या. आलेल्यांपैकीच एकाने आळीपाळीने गट चालवायचा, संचालक फक्त मागे बसून. फोटो मात्र दर वेळी नवा न्या. बकरी एकदाच चालते.